बारा नंबरची खुर्ची

शाळेचं सेवा मंडळ माझ्या गळ्यात पडलं, कारण त्या दिवशी मी मीटिंगला पाच मिनिटं उशिरा पोचले. जो हजर नाही त्याच्या माथी काम मारायचं, ही आमच्या शिक्षकखोलीची जुनी रीत. मी भूगोल शिकवते. नद्या, डोंगर आणि वारे यांच्याशी माझं बरं जमतं. त्यांना मतं नसतात. सेवा मंडळात मात्र नववी-दहावीची चोवीस मुलं होती आणि प्रत्येकाला प्रत्येक गोष्टीवर दोन तरी मतं होती.

काम तसं साधं. शाळेजवळच्या दवाखान्याकडे एक यादी होती, घरात तरुण माणूस नसलेल्या म्हाताऱ्यांची. फोन आला तर चालेल, अशी सगळ्यांनी कधीकाळी सही केलेली. यादी तीन वर्षं जुनी होती, पण दवाखान्याने आहे तशी दिली आणि मीही आहे तशी घेतली. त्यातल्या चोवीस जणांना मुलांनी रोज शाळा सुटल्यावर, चार वाजता, ग्रंथालयात बसून फोन करायचा. एका मुलाकडे एक माणूस. मुख्याध्यापकांना धास्ती, की मुलांच्या हाती लोकांची नावं-पत्ते पडले तर उद्या काही भलतंच व्हायचं. म्हणून मी नियम काढला: नावं नाहीत, नुसते नंबर. यादी माझ्या कपाटात. मुलाकडे एक नंबर, एक फोन आणि तब्येतीबद्दल एखादा शब्द. ‘दमा’, ‘मोतीबिंदू’, ‘गुडघा’. या नियमाचा मला तेव्हा फार अभिमान होता. आता कुणी त्याचं नाव काढलं की मी विषय बदलते.

मुलांनी अध्यक्ष म्हणून निवडलेल्या मुलीला दोन महिन्यांत सगळे ‘मुकादम’ म्हणायला लागले. दहावीतली, काटकुळी, वेणी इतकी घट्ट की भुवया कायम वर चढलेल्या. घरी तीन थोरले भाऊ. तिथे टीव्हीवर काय लावायचं यातही तिला कुणी विचारत नसे. मंडळात पहिल्यांदा तिच्या शब्दाला वजन आलं होतं आणि ते वजन तिने सगळ्यांच्या डोक्यावर ठेवलं. तिने फोनसाठी छापील कागद तयार केला. तुम्हीच बोलताय ना? जेवण झालं? औषध घेतलं? काही हवंय का? पुढे हो-नाहीच्या चौकटी. दोन मिनिटांत फोन संपला पाहिजे, चौकटी भरल्या पाहिजेत, कागद सव्वाचारला टेबलावर आला पाहिजे. स्वतः मात्र कोपऱ्यात हाताची घडी घालून उभी. उंटावरून शेळ्या हाकते, असं मुलं म्हणायची, आणि खोटं नव्हतं.

सर्वांत जास्त वैतागला तो उपाध्यक्ष. त्याचं नाव रेडिओ, कारण त्याला बंद करायचं बटण नव्हतं. त्याच्याकडे सात नंबर. दोन मिनिटांच्या फोनला तो चाळीस मिनिटं लावी, त्यातली अडतीस स्वतःच बोले आणि चौकटी भरायला विसरे. मुकादम त्याला सगळ्यांसमोर झापायची. शेवटी त्याने एक अर्ज लिहिला, ‘आम्ही माणसं आहोत, चौकटी नाही’ अशी सुरुवात करून, आणि त्यावर पंधरा सह्या घेऊन माझ्या टेबलावर आणून ठेवला. अध्यक्ष बदला.

मी मुकादमला बोलावून अर्ज दाखवला. तिने तो दोनदा वाचला. सह्यांवरून बोट फिरवत गेली, तिच्या बाकावर बसणाऱ्या मैत्रिणीच्या सहीवर क्षणभर थांबली. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, “बाई, वार्षिक चहापानाला तीन आठवडे आहेत. चोवीस म्हातारी माणसं, चोवीस खुर्च्या. एक जरी खुर्ची रिकामी राहिली, तर मी त्याच दिवशी पद सोडते. सगळ्या भरल्या, तर अर्ज फाडायचा.”

“आजपर्यंत चौदाच्या वर कधी आलेले नाहीत,” मी म्हटलं.

“माहीत आहे मला.”

रेडिओ आणि मंडळी खुशीत तयार झाली. फुकट काम होत असेल तर कोण नाही म्हणेल.

आता बारा नंबरबद्दल सांगायला हवं. अध्यक्ष असली तरी मुकादमकडेही एक माणूस होतंच. बारा नंबर, घरचा जुना फोन, शेरा: गुडघा. पहिले काही दिवस तिने चौकटी भरल्या. मग एकदा तिने विचारलं, गुडघा कसा आहे, आणि पलीकडून ठसक्यात उत्तर आलं, “गुडघा आहे तिथेच आहे. तू काय कागद वाचतेयस का गं?”

मुकादमला असं कुणी विचारलं नव्हतं. तिने खरं ते सांगितलं, “हो.”

“मग तो खाली ठेव आणि बोल.”

त्या दिवसापासून दोन मिनिटांची वीस झाली. मुकादम कोपरा सोडून खिडकीतल्या बाकावर बसायला लागली, पाठ सगळ्यांकडे करून. बारा नंबर म्हणजे मोठ्या इस्पितळातल्या मेट्रन, तीस खाटांचा वॉर्ड सांभाळलेल्या, हे मला तिच्याकडूनच कळलं. “बाई, त्यांच्या वॉर्डात सकाळी सहाला फेरी व्हायची. चादरीला सुरकुती दिसली की बोलणी बसायची. तरी बदली झाली तेव्हा सगळ्या नर्सेस रडल्या.” हे सांगताना तिचा चेहरा असा काही व्हायचा की मी वह्या तपासायच्या थांबायचे. हुकूम सोडणारी बाई लोकांना आवडूही शकते, ही तिच्या दृष्टीने बातमी होती.

अर्जाचं प्रकरण तिने बारा नंबरना सांगितलं असणार. कारण दुसऱ्या दिवशी ती आली आणि मला म्हणाली, “कुणाला काम सांगण्याआधी त्याच्या हातात काय आहे ते बघावं, असं त्या म्हणतात.” आणि खरोखर बघायला लागली. एका मुलीच्या हातात रोज धाकट्या भावाचं दप्तर असतं, त्याला घरी सोडून यायला तिला सव्वाचार होतात, हे तिला सात महिन्यांत पहिल्यांदा दिसलं. तिची वेळ तिने साडेचार करून दिली. झापणं काही गेलं नाही, मूळ स्वभाव जातो कुठे, पण आता ती आधी बघायची आणि मग झापायची.

तीन आठवडे तिने जिवाचं रान केलं. चार नंबरना ऐकू येत नाही, त्यांची खुर्ची पहिल्या रांगेत. अठरा नंबर कुत्र्याशिवाय पाऊल टाकत नाहीत, तर कुत्र्यालाही आमंत्रण. वीस आणि एकवीसचं जुनं वैर, कुठल्याशा भिंतीवरून, म्हणून वीस या टोकाला, एकवीस त्या टोकाला. दोन दिवस उरले तेव्हा तेवीस जणांनी येतो म्हणून सांगितलं होतं. ‘नाही’ एकच, खुद्द अध्यक्षांच्या बारा नंबरचं.

“यायला जमायचं नाही, म्हणतात,” ती म्हणाली. “गुडघ्यामुळेच असणार. मी दवाखान्यातून चाकाची खुर्ची मागून आणते. दारात खुर्ची बघितल्यावर नाही कशा म्हणतील?”

मी तिला सोडून दुसरीकडे बघितलं, कारण मला हसू येत होतं. आपल्याला जे माणूस आवडतं ते आपल्यासारखंच हट्टी असेल, हे तिच्या लक्षात आलं नव्हतं.

चहापानाच्या दिवशी शाळेची व्हॅन आणायला-सोडायला होती. शेवटची फेरी सात आणि बारा नंबरची. पत्ते त्या दिवसापुरते मी चिठ्ठ्यांवर लिहून दिले होते. व्हॅनमध्ये रेडिओने आपली चिठ्ठी वाचली, मुकादमने आपली, आणि दोघं एकमेकांकडे बघायला लागले.

“एकच पत्ता आहे,” रेडिओ म्हणाला.

“बहिणी आहेत त्या,” मी म्हटलं. यादी माझ्या कपाटात, त्यामुळे मला ठाऊक होतं. “एकत्र राहतात. धाकट्या बहिणीचा मोबाइल, थोरलीचा घरातला फोन.”

“सात नंबरनी मला कधीच सांगितलं नाही.”

“तू श्वास घेतोस तेवढ्यात त्यांनी सांगायचं होतं का?” मुकादम म्हणाली. पण चिडून नाही. ती खुशीत होती. मांडीवर चाकाच्या खुर्चीची गादी घेऊन बसली होती, हाताने सारखी झटकत.

तळमजल्यावरचं घर. सात नंबर तयार होऊन दारातच उभ्या, इस्त्रीचे कपडे, हातात पर्स. ठेंगण्या, हसऱ्या, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली. टेलिफोन ऑफिसात एकतीस वर्षं ऑपरेटर होत्या, एवढं मात्र रेडिओला कसंबसं कळलेलं. त्यांनी रेडिओच्या गालाला हात लावला. मग त्यांना मागे चाकाची खुर्ची दिसली.

“ही कुणासाठी?”

“तुमच्या ताईंसाठी,” मुकादम म्हणाली. “मी बारा नंबरना फोन करते ना, रोज. त्यांना सांगा, मी आलेय. आणि नाही म्हणायचं नाही, असंही सांगा.”

बाईंनी पर्स या हातातून त्या हातात घेतली. मुकादम त्यांना ओलांडून आत बघत होती. मीही बघितलं. एक खोली, एक पलंग, एक आरामखुर्ची, खिडकीशी जुना काळा फोन, पुसून चकचकीत ठेवलेला. आत आणखी कुणी असेल अशी ती खोली नव्हती.

“ताई गेली गं,” त्या म्हणाल्या. “पुढच्या महिन्यात दोन वर्षं होतील.”

मुकादम खुर्चीच्या मुठी धरून उभी होती. “मग माझ्याशी कोण बोलायचं?”

“मीच.”

“तुम्ही हो म्हणायचात. मी विचारायचे, तुम्हीच बोलताय ना.”

“मीच बोलत होते की.” त्यांनी खाली बघितलं. “तू कधी नाव घेऊन विचारलंच नाहीस, बाळ.”

घ्यायचं नाही असं मी सांगितलं होतं म्हणून. मला त्या क्षणी जमीन दुभंगेल तर बरं असं झालं. आणि नंतर विचार करताना लक्षात आलं, की सात महिन्यांत त्या बाईंनी सरळ खोटं असं एकही वाक्य उच्चारलं नसेल. ‘वॉर्डात फेरी व्हायची.’ ‘बोलणी बसायची.’ ‘नर्सेस रडल्या.’ आपल्या भाषेत माणूस स्वतःला बाजूला ठेवून तासन् तास बोलू शकतो. ‘मी’ तिथे मुकादमने आपल्या मनाने भरला.

रेडिओ पहिल्यांदाच गप्प होता. मुकादमने खुर्ची घडी करून भिंतीला टेकवली. गादी तिच्यावर नीट ठेवली. “उशीर होतोय,” ती म्हणाली. “चला आजी.”

सात नंबर ड्रायव्हरशेजारी बसल्या. मागे मी मुकादमच्या कानाशी लागले. मी म्हटलं, यात तुझी काहीएक चूक नाही. जे माणूस हयातच नाही त्याची खुर्ची कशी भरायची? मी आत जाऊन सांगते सगळ्यांना. तेवीसच्या तेवीस आले. अर्ज फाटला.

“नका सांगू बाई.”

“का?”

“सगळे त्यांना हसतील. बहिणीच्या नावाने फोन घेत होत्या म्हणून.” तिने नाक पुसलं. “रेडिओ, तूही नाही सांगायचं.”

रेडिओने मान हलवली.

“अगं, पण खुर्ची,” मी म्हटलं.

“रिकामी ती रिकामी.”

ती पंधरा वर्षांची होती आणि जगात तिच्याकडे स्वतःचं म्हणावं असं ते एकच पद होतं. मी मागच्या सीटवर बसून भूगोलाच्या बाईला शोभणार नाही अशी डोळे पुसत होते. आमचं बोलणं हलक्या आवाजात चाललं होतं. पण दुसऱ्यांची हलक्या आवाजातली बोलणी एकतीस वर्षं ज्यांच्या कानांवरून गेली, त्या पुढेच बसलेल्या आहेत, हे आम्हाला सुचलं नाही.

हॉल भरलेला होता. कधी नव्हे ते तेवीस माणसं. अठरा नंबरचा कुत्रा पायाशी झोपलेला, वीस आणि एकवीस दोन टोकांवरून एकमेकांकडे बघायचं टाळत होते. चहा आला, बिस्किटं आली. आणि मध्ये, तिसऱ्या रांगेत, बारा आकड्याचा कागद चिकटवलेली एक रिकामी खुर्ची. मुलांनी ती केव्हाच हेरली होती. मागे कुजबुज चालली होती, कोपराने ढोसणं चाललं होतं. बाकीच्यांची माणसं आली आणि हिचंच माणूस नाही, यात त्यांना थोडी गंमत वाटत होती. मुलंच ती.

मुकादम पुढे गेली. तिने पाहुण्यांचे आभार मानले, अगदी ठरल्याप्रमाणे, कागद न बघता. मग म्हणाली, “मी मंडळाला शब्द दिला होता, की सगळ्या खुर्च्या भरतील. बारा नंबरना आणणं मला जमलं नाही. ती माझी जबाबदारी होती. मी अध्यक्षपद सोडते.”

मागून कुणीतरी टाळी वाजवायला सुरुवात केली आणि मध्येच थांबलं. तिच्या बाकावरची ती मैत्रीण मान खाली घालून बसली होती. मी खुर्चीवरून उठले. तिचं ‘नका सांगू’ गेलं खड्ड्यात, असं ठरवूनच उठले. पण माझ्याआधी सात नंबर उभ्या होत्या.

त्यांचा आवाज मोठा नव्हता. स्वच्छ होता, हॉलच्या शेवटापर्यंत जाणारा.

“बारा नंबर माझी थोरली बहीण,” त्या म्हणाल्या. “ती वारली. यादीत तिचं नाव राहून गेलं, आणि या मुलीचा फोन आला तेव्हा तो मी घेतला. माझ्या मोबाइलवर याचा यायचा, तिच्या फोनवर हिचा. रोज चार वाजता मी दोन्ही ठिकाणी असायचे. याला बोलू द्यायचे आणि मोबाइल तसाच चालू ठेवून तिकडे बोलायचे. ते मला अवघड नाही, माझं कामच होतं ते.”

दोन-तीन जण हसले. रेडिओचे कान लाल झाले.

“हिने विचारलं, गुडघा कसा आहे. ताईचा गुडघा. ती गेल्यावर सगळे मला म्हणाले, आता तू एकटी, स्वतःला जप. जो तो माझीच चौकशी करायचा. ताईबद्दल कुणी काही विचारतच नव्हतं, विचारायला कारणच उरलं नव्हतं. या मुलीने विचारलं, आणि मला सांगवेना. मग रोज विचारायला लागली. मेट्रन असताना काय करायचात, चिडलात की काय करायचात, माणसं कशी सांभाळायचात. मी आठवून आठवून सांगायचे. काही काही तर मी विसरलेच होते.” त्या थांबल्या. “चूक माझी आहे. हसायचं तर मला हसा. हिने व्हॅनमध्ये माझ्या चुकीवर पांघरूण घातलं, ते मी ऐकलं.”

कुणी हसलं नाही.

पदाचं काय झालं, तेवढं सांगून टाकते. गेलं ते गेलंच. मुलांनी अर्ज परत घ्यायची तयारी दाखवली, रेडिओने तर तो सगळ्यांसमोर फाडला, पण मुकादम बधली नाही. रिकामी ती रिकामी. रेडिओ अध्यक्ष झाला आणि पहिल्याच आठवड्यात त्याने दोन नंबरचा दमा नऊ नंबरपुढे आणि नऊचा मोतीबिंदू दोनपुढे लिहून टाकला, आणि निस्तरायला तिलाच बोलावलं. पण हे सगळं नंतरचं.

त्या दुपारी, बाईंचं बोलून झालं तेव्हा मुकादम अजून पुढेच उभी होती. दारात रडली नव्हती, व्हॅनमध्ये नाक पुसण्यापलीकडे गेली नव्हती, पद सोडताना आवाजही हलला नव्हता. आता तिचं तोंड वाकडं झालं. हात बाजूला तसेच लोंबते ठेवून ती लहान मुलीसारखी रडायला लागली. काय होतंय ते मुलांना कळेना. एकदोघांना वाटलं पदासाठी रडतेय, आणि कुणीतरी म्हणालंही, “अगं राहू दे ना, तूच अध्यक्ष.”

“मला त्या फार आवडायच्या,” ती म्हणाली. “मला वाटलं होतं, आज भेटतील.”

सात नंबर खुर्च्यांमधून वाट काढत तिच्यापर्यंत गेल्या. पर्स जमिनीवर ठेवली. तिला धरलं. धरलं म्हणजे, ती मुलगी त्यांच्याहून वीतभर उंच, तेव्हा तिलाच वाकावं लागलं.

“दोन वर्षं मी एकटीच रडत होते तिच्यासाठी,” त्या म्हणाल्या. “बरं झालं तू आलीस.”

मग त्याही रडल्या. चहा गार होत होता, व्हॅनवाला दारात घड्याळ बघत होता. मी त्याला हाताने थांब म्हटलं आणि दार लावून घेतलं.